मागितलेलं औषध

बाउरो जहाजावरून परतला तेव्हा त्याच्याकडे दोन पेट्या होत्या. आठव्या दिवशी उरली कमरेची लुंगी. प्रशांत महासागरातल्या आमच्या किरिबासमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही. नात्यातल्या माणसाने ‘दे’ म्हटलं की द्यायचं. याला आम्ही बुबुसी म्हणतो, आणि बुबुसीला नाही म्हणणाऱ्याशी गावाच्या सभाघरात कुणी धड बोलत नाही. पाच महिने परक्या समुद्रावर दोरखंड ओढून आणलेलं सगळं असं घरोघर गेलं. घड्याळ मेहुण्याला, बूट चुलतभावाला, विजेरी आत्याला. शेवटी पेटीच्या तळाशी औषधाच्या गोळ्यांची एक पट्टी होती, तीसुद्धा गेली.

ही पट्टीची गोष्ट मला मागाहून कळली. आधी आली ती त्याची बायको एरितबेता, गावाची एरी.

मी इथल्या दवाखान्याची नर्स, मोआनिबा. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पंखा, उन्हावर चालणारा फ्रीज आणि मी. डॉक्टर तरावाला, राजधानीच्या बेटावर. आठवड्यातून दोनदा छोटं विमान जातं. एरी सात महिन्यांची गरोदर होती. ओसरीवरच्या बाकावर ती अशी टेकली, जशी बाई गरम दगडावर टेकते.

“ताई, लघवीला जळतंय. आणि कपडे खराब होतात. पिवळं जातं.”

“कधीपासून?”

“तो आल्यापासून,” एरी म्हणाली आणि जराशी हसली. “मी साबण आण म्हटलं होतं. त्याने हे आणलं.”

तिला तपासायच्या आधीच मला कळलं होतं. परमा, म्हणजे गनोरिया. बंदराबंदरांतून जहाजावर चढतो आणि घरच्या चटईवर उतरतो. मी तिला काही न लपवता सांगितलं. बाईला सांगायचं तर पूर्ण सांगावं. अर्धवट बोललेलं तिला जास्त छळतं.

“आणि बाळाला?” तिने विचारलं.

“पोटात आहे तोवर बहुतेक काही नाही. पण जन्मताना वाटेत डोळ्यांना लागलं तर डोळे जातात, एरी. त्याला अजून दोन महिने आहेत. तोवर तू साफ बरी व्हायला हवीस.”

हे बोलताना माझ्यासमोर एक जुना चेहरा होता. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी दक्षिणेकडच्या वस्तीत एक मुलगी जन्मली. चौथ्या दिवशी आईने आणली तेव्हा पापण्या पुवाने चिकटलेल्या. होडी मिळेपर्यंत एका डोळ्यावर पांढरा पडदा आला. आता ती लग्नाची झाली आहे. उजवीकडून हाक मारली की अख्खी मान फिरवते. गावाला ती तिची लकब वाटते.

दुपारी मी बाउरोला बोलावलं. मोठा आडदांड माणूस, पण दारात आला तो ओल्या कोंबडीसारखा.

“जहाजावर असतानाच कळलं होतं ना तुला?”

“हो.”

“मग?”

“एका बंदरात औषधाचं दुकान होतं. खुणा करून सांगितलं. त्याने एक पट्टी दिली, दहा गोळ्यांची. चार घेतल्या आणि जळजळ थांबली, ताई. खरंच थांबली.”

“उरलेल्या सहा?”

बाउरो छपराकडे बघू लागला. “चुलतभावाने, तोआतूने मागितल्या. त्याची दाढ दुखत होती.”

“सहाच्या सहा?”

“चार. दोन बाबांनी घेतल्या.”

“त्यांना काय झालं होतं?”

“त्यांना नाही. डुकराला.”

मला हसू आवरलं नाही, आणि हसल्याबद्दल स्वतःचाच राग आला. मग मी त्याला सरळ भाषेत सांगितलं, की चार गोळ्यांनी सगळे जंतू मरत नाहीत. त्यातले दुबळे मरतात, चिवट उरतात, आणि त्यांची पिल्लावळ त्या औषधाला भीक घालत नाही. एकाची अर्धी पट्टी, दुसऱ्याच्या दाढेत चार, डुकरात दोन. अशाने जंतू मात्र शहाणे होत जातात. बाउरो ऐकत होता. “पण मागितल्या ना, ताई,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विमान होतं. सकाळीच मी दोघांचे नमुने घेतले, कापसाच्या काडीवर, आणि नळ्या बाउरोच्या हातात दिल्या. “पोटाशी धर. उन्हात ठेवू नकोस आणि माशांच्या बर्फातही ठेवू नकोस. हा जंतू माणसाच्या अंगाबाहेर फार जगत नाही. वाटेत मेला तर तो कोण होता ते आपल्याला कळायचं नाही.” बाउरोने त्या नळ्या धावपट्टीपर्यंत अशा नेल्या, जणू समुद्रपक्ष्याची अंडी. तिथला वजनवाला प्रवाशांना काट्यावर उभं करून मोजतो, त्याने नळ्याही काट्यावर ठेवल्या आणि म्हणाला, “काहीच भरत नाहीत.”

नमुने गेले, आणि मी दोघांना दवाखान्यातल्या नेहमीच्या गोळ्या दिल्या. घरी नेऊ दिल्या नाहीत. एकाच वेळी सगळ्या घ्यायच्या असतात, त्या माझ्यासमोर घ्यायला लावल्या. “तोंड उघड. जीभ वर कर.”

“माझ्याकडून कोण मागणार आहे, ताई?” एरी म्हणाली. “पोटातलं?”

तोआतूलाही त्याच आठवड्यात बोलावून मी त्याची किडलेली दाढ उपटली, म्हणजे त्याला पुन्हा कुणाची पट्टी मागायचं कारण उरू नये.

त्या दिवसापासून एरीने नवऱ्याशी बोलणं टाकलं. जेवण वाढायची, चटई अंथरायची, पण शब्द नाही. आमच्या घरांना भिंती नसतात. खांब, छप्पर आणि वारा. त्यामुळे तिचं न बोलणं साऱ्या वस्तीला ऐकू येत होतं. बाउरो सकाळ-संध्याकाळ माडी काढायला माडावर चढायचा, आणि माडावर चढलेल्या माणसाने गायचं असतं, म्हणजे खालच्यांना कळतं की वर कुणी आहे. एरवी तो जहाजावरची गाणी गायचा. त्या आठवड्यात त्याने स्वतःचं रचलं.

भरतीच्या पाण्यानं
वाळू धुतली, न्हाली गं
माझ्या नावेची वल्ही
तुझ्या दारी वाळली गं

दूर देशीच्या वाऱ्यानं
शीड माझं फाटलं गं
एक टाका घाल सखे
आभाळ मी गाठलं गं

मी वाटेवर थांबून ऐकलं. एरी माडाखाली नारळ सोलत होती. गाणं संपलं तसं तिने करवंटी बाजूला टाकली आणि मला म्हणाली, “गळा बरा आहे. अक्कल तेवढी द्यायची राहिली.” पण नारळ सोलताना तिचे हात जरा सावकाश झाले होते.

गोळ्या घेतल्याच्या नवव्या दिवशी एरी दवाखान्यात आली. बाकावर बसली नाही, उभीच राहिली.

“ताई, थांबलं नाही.”

मी तपासलं. तसंच पिवळं, तसंच जळणं. गोळ्या तिने माझ्या डोळ्यांदेखत घेतल्या होत्या. पोटातल्याशिवाय कुणी मागितल्या नव्हत्या. म्हणजे आता दोष वाटावाटीचा नव्हता, जंतूचा होता. “बस,” म्हटलं, “मी फोन लावून येते.”

फोनला जाळं मिळतं ते चर्चमागच्या नीरफणसाच्या झाडाखाली. तरावाच्या प्रयोगशाळेतल्या बाई कामाचं तेवढंच बोलतात.

“मीच तुम्हाला फोन लावत होते,” त्या म्हणाल्या. “दोघांच्या नमुन्यांत एकच जंतू आहे. तुमच्या गोळ्यांना तो दाद देत नाही. बाजारात मिळतात त्यातल्या बहुतेकांनाही नाही. सुईच्या औषधाभोवती मात्र ताटलीत मोकळं वर्तुळ पडलंय, तिथे जंतू वाढलाच नाही. चांगलं रुंद.”

“म्हणजे सुई चालेल?”

“ताटलीत चालली. अंगात चालली का, ते टोचल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा नमुना पाठवा, मग सांगते. बाहेरच्या देशांत सुईलाही न जुमानणारे निघालेत. हा तसला दिसत नाही. दोघांना एकाच वेळी टोचा. एकाला टोचून दुसऱ्याला तसंच ठेवलंत तर पुन्हा होतं तेच.”

“सुया पाठवता?”

“विमान दुरुस्तीला गेलंय. दोन आठवडे तरी नाही.”

मी परत आले आणि औषधांचं कपाट उघडलं. त्या औषधाच्या तीन कुप्या असायला हव्या होत्या. एक होती. बाकीच्या दोन कुठे आहेत ते मला शोधावं लागलं नाही. त्या मीच दिल्या होत्या.

महिन्यापूर्वी रूता आली होती, माझ्या मावशीची मुलगी, बेटाच्या उत्तर टोकाच्या दवाखान्यातली नर्स. टोपलीभर खारवलेले मासे घेऊन आली, चहा प्याली, माझ्या केसांची स्तुती केली आणि उठता उठता म्हणाली, “तुझ्याकडं त्या कुप्या तीन आहेत. माझ्याकडं एकही नाही. बुबुसी.” मी दिल्या. दवाखान्याचं औषध परस्पर द्यायचं नाही हा नियम मला पाठ होता, पण रूता माझी मावसबहीण होती. बाउरोला मी जे ऐकवलं होतं, ते सगळं आता कपाटासमोर उभी राहून मला स्वतःला ऐकवावं लागलं.

मी एरीला खरं ते सांगितलं.

एरी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. पण तिचं पोट हलायला लागलं, आणि पाहते तर ती हसत होती. “ताई, तू सुद्धा? मग त्या बैलाला उगाच बोललीस गं.”

“बोलले,” म्हटलं. “एक कुपी आहे, ती तुझी. आत्ता टोचते. बाउरोला विमान आल्यावर. तोवर त्याला लांब ठेव.”

“किती दिवस?”

“पंधरा. वीस.”

एरीने विचार केला. “घराला भिंत नाही, ताई. त्याचा मला भरवसा नाही. आणि खरं सांगू? तो असा वरून गातो तेव्हा माझा मलाही नाही.” मग ती म्हणाली, “रूताकडून परत माग की.”

“दिलेलं परत मागायचं? त्यापेक्षा मी समुद्रात चालत जाईन.”

“तू मागू नकोस. मी मागते. रूता माझ्या आईच्या चुलत घराण्यातली लागते. आणि मी तिला अजून काहीच दिलेलं नाही.”

गावचा ट्रक दुपारी उत्तरेला निघाला. एरी पुढे चालकाशेजारी बसली, मी आणि बाउरो मागे खोबऱ्याच्या पोत्यांवर. माझ्या पिशवीत ती एक कुपी, सुया आणि कापूस. खाडीवरच्या बांधांवर ट्रक उसळायचा तेव्हा बाउरो पुढच्या काचेतून बायकोच्या मानेकडे बघायचा. “ताई,” त्याने एकदाच विचारलं, “बाळाला दिसेल ना?” मी म्हटलं, “त्यासाठीच चाललोय.”

रूता ओसरीवर केवड्याच्या पात्यांची चटई विणत होती. एरीला पाहून तिने काम खाली ठेवलं.

“ये, ये. पोट बघ केवढं झालंय. आत दोन आहेत की तू खातेसच एवढी?”

“एकच आहे, पण बापावर गेलंय,” एरी म्हणाली. ती टेकली, भाजलेला नीरफणस खाल्ला, नारळपाणी प्याली, गावच्या दोन लग्नांच्या बातम्या दिल्या. मागायची घाई करायची नसते. मग हात पुसून म्हणाली, “रूतामावशी, बुबुसी.”

“काय, चटई का?”

“त्या कुप्या. मोआनिबाताईने दिलेल्या.”

रूताने हळूच माझ्याकडे मान वळवली. “तू पाठवलंस हिला.”

“मी तोंडातून शब्द काढला नाही,” मी म्हटलं.

“तोंड मिटून तू जास्त बोलतेस, लहानपणापासून.” ती पुन्हा एरीकडे वळली. “एक संपली. होडीवाल्याच्या पायाची जखम सडली होती, त्याला दिली. एक उरलीय. ती मी अडीअडचणीला ठेवलीय.”

“ही अडचणच आहे,” एरी म्हणाली. तिने पुढचं सगळं सांगितलं. जहाज, गोळ्या, डुक्कर, ताटली, बाळाचे डोळे. लाजली नाही. बाउरो अंगणात उभा राहून पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होता. त्याच्या कानांचा रंग मला लांबूनही दिसत होता.

रूताने चटईचं एक पातं उचललं आणि परत ठेवलं. तिचं मन मला कळत होतं. रिकाम्या कपाटासमोर उभं राहायची भीती मला त्या सकाळीच भेटली होती. नाही म्हणायचा तिला हक्क होता, नर्स म्हणून. नात्यातली बाई म्हणून नव्हता.

“आणि उद्या कुणी मरायला टेकला तर?” ती म्हणाली.

“विमान आलं की माझ्या वाट्याच्या कुप्यांतल्या आधी तुला भरून देईन,” मी म्हटलं. “आणि यापुढे दिली तर दोघींनी तरावाला कळवून. आपलं आपण वाटायचं नाही.”

“हे तू तेव्हाच म्हणायचं होतंस.”

“तेव्हा तू माझ्या केसांबद्दल बोलत होतीस.”

रूताने नाकातून आवाज काढला आणि आत गेली. डबे सरकल्याचे आवाज आले. मग शांतता. ती एवढी लांबली की एरीने माझं मनगट धरलं. रूता बाहेर आली ती साखरेचा डबा घेऊन. मुंग्यांच्या आणि नातेवाइकांच्या तावडीतून वाचवायला कुपी तिने त्यात फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

“घे, पोरी. पण त्या मेल्याला मी टोचणार.”

तिथेच, त्याच ओसरीवर, आम्ही दोघींनी एका वेळी दोघांना टोचलं. एरीने डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला, बस्स. बाउरोने अशी बोंब ठोकली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

“वादळात डोलकाठीवर चढला होतास म्हणे,” रूता म्हणाली.

“डोलकाठी कमरेत घुसत नाही, मावशी.”

एरी त्याच्याशी बोलली नाही, पण ट्रकमध्ये चढताना तिने आपली उशी मागे त्याच्याकडे फेकली, बसायला.

चार दिवसांत तिचं जळणं थांबलं, आठ दिवसांत कपडे स्वच्छ. बाउरोचंही. तरी मी आनंद धरला नाही. त्याची जळजळ एकदा चार गोळ्यांनीही थांबली होती. बरं वाटणं आणि बरं होणं यांत किती अंतर असतं, ते आता दोघांनाही कळलं होतं. एरीने त्याची चटई अंगणातल्या मचाणावर टाकली होती आणि तोही तक्रार न करता तिथे झोपत होता. सोळाव्या दिवशी विमान आकाशात दिसलं तेव्हा मुलांच्या आधी मी धावपट्टीवर होते, पोटाशी नव्या नमुन्यांच्या दोन नळ्या धरून. कुप्यांचं खोकं त्याच विमानातून आलं. रूताच्या त्याच दुपारच्या ट्रकने गेल्या.

मग पाच दिवस. बाळ खाली सरकलं होतं. एरीची चाल बदकासारखी झाली होती, आणि मला रोज एकच हिशोब सुचत होता: सुई लागू पडली नसेल तर पुढे काय द्यायचं? माझ्याकडे काही नव्हतं. तरावाकडेही फारसं नव्हतं.

सहाव्या दिवशी नीरफणसाच्या झाडाखाली फोन वाजला.

“काही उगवलं नाही,” प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या.

“नमुना वाटेत मेला असेल तर?”

“ती शंका मलाही आली, म्हणून दुसऱ्या यंत्रावरही लावला. त्याला मेलेलेही कळतात. तिथंही काही नाही. दोघंही स्वच्छ आहेत, मोआनिबा. आता तरी श्वास घ्या. मला इथे ऐकू येतंय की तुम्ही घेत नाही आहात.”

मी घेतला. खाडीवरून वारा आला, त्याला सुकत्या शेवाळाचा वास होता, आणि तो मला इतका गोड वाटला की मी दुसऱ्यांदा घेतला. मग चर्चच्या मागून, केवड्याच्या बनातून, वयाला न शोभेल अशी धावत सुटले.

एरी माडाखाली चूल फुंकत होती. माझ्याकडे बघूनच तिला कळलं. ती उठू शकली नाही, एवढं पोट. म्हणून तिने नुसते दोन्ही हात वर केले आणि मी वाकून तिला मिठी मारली. धुराने की कशाने, दोघींचे डोळे चुरचुरत होते. मग तिने मान वर केली. माडाच्या शेंड्यात बाउरो गाणं थांबवून खाली बघत होता.

“उतर,” एरी म्हणाली. महिनाभरात त्याच्याशी बोललेला पहिला शब्द.

“माडी सांडेल.”

“सांडू दे. उतर आणि ऐक. पुढच्या खेपेला जहाजावर जाशील तेव्हा ताई देईल ती कंडोमची पाकिटं पेटीत घालून जाशील. आणि ती कुणी मागितली तर खुशाल दे, पण आपल्यापुरती ठेव. आणि आजपासून घरात झोप. मचाणावर तुझं घोरणं शेजाऱ्यांना जास्त ऐकू जातं.”

बाउरो इतक्या घाईने उतरला की मांडीची सालटं निघाली. त्याच्या मांडीला मलम लावत मी तिथेच बसले, आणि कुणीतरी माझ्या हातात गरम मासा ठेवला.

मुलगी जन्मली ती मध्यान्हीच्या भरतीला, दवाखान्याच्या आतल्या खोलीत. रडली खणखणीत. मी तिचे डोळे पुसले, त्यांत नेमाचं मलम घातलं, आणि पुढचे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांच्या घरी जात राहिले. एरी म्हणायची, ताई, तपासून झालंय की. मी म्हणायची, झालंय, तरी येते.

पाचव्या सकाळी मी बाळाला उचलून छपराच्या कडेला आणलं. पापण्या कोरड्या होत्या, पातळ, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या. खाडीवरचा उजेड तोंडावर पडला तशी तिने कपाळ आक्रसलं आणि दोन्ही डोळे उघडले. काळेभोर, ओले, स्वच्छ. मी बोट डावीकडून उजवीकडे सावकाश नेलं. ती बोटाकडे बघत नव्हती, एवढ्या लहान वयात बघत नाहीत. ती उजेडाकडे बघत होती, आणि मी उजव्या बाजूने तिच्यावर सावली धरली तेव्हा तिने उजवा डोळा मिचकावला.

“उद्यापासून येणार नाही,” मी एरीला म्हटलं, आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवून घरी झोपायला गेले.